ट्रंक बोर्डावर कानावर पडलेलं लिहावं का?

हॅलोबाई:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढते आहे. सांभाळून घ्या.

टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले ती सोलापुरात आणि रिटायरही तिथूनच झाले. त्यानंतर आधी नातवंडं, मग गुडघे, असं करत करत आता कुठे सकाळी देवपूजा आटोपली की दोन पानं लिहायला सवड मिळते. लिहिते वहीतच. दुपारी सुनेनं शिकवल्याप्रमाणे मोबाईलसमोर बोलून टाइप करते. 'हुतात्मा बाग'चं 'होता तुमचा बाप' झालं होतं, ते वेळेत दिसलं म्हणून बरं.

लहानपणाचं सरसर लिहून होतं. गड्ड्याची यात्रा, सिद्धेश्वराच्या काठ्यांची मिरवणूक, गिरणीचा भोंगा, त्यावर घड्याळ लावणारे वडील. नोकरीचं लिहायला बसले की मात्र हात अडतो. कारण माझ्या नोकरीतल्या आठवणी म्हणजे निम्म्याहून जास्त दुसऱ्यांची बोलणी. ट्रंक कॉल, म्हणजे आमच्यामार्फत लागणारा परगावचा फोन, जोडून दिला तरी लाईन नीट चालली आहे का ते बघायला मधूनमधून बोर्डावरची 'की' (खटका) टाकून ऐकावं लागायचं. तीन मिनिटं झाली की 'थ्री मिनिट्स' म्हणून आत डोकवायचं, पुढे वाढवायचा का विचारायचं. या डोकावण्यात कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा माल अडकला, कोण कोणाशी खोटं बोललं, सगळं कानावरून गेलं. मुद्दाम ऐकलं नाही, पण कानाला झाकण कुठे असतं?

लेक म्हणते, नावं बदल आणि बिनधास्त लिही. माझ्याबरोबर बोर्डावर बसणारी मैत्रीण म्हणते, कुलूप म्हणजे कुलूप. तुम्हाला काय वाटतं?

बगाराम:
लिहा लिहा! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. माल कोणाचा अडकला तेवढं आधी सांगा.

सुईदोरा:
स्वागत हॅलोबाई. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, आमचीही हीच गत. वॉर्डातलं काही लिहायला घेतलं की पेशंटचा चेहराच समोर येतो. मी एक नियम केला आहे. त्या माणसानं स्वतः हे वाचलं तर त्याला अवघडल्यासारखं होईल का? होणार असेल तर नाही लिहायचं. नावं बदलून काही होत नाही हो. गाव लहान असलं की आजार सांगितला तरी माणूस कळतो.

तंबोरा:
रंगाचा बेरंग करतोय, पण १८८५चा भारतीय तार कायदा तुम्हाला नोकरीत लागताना दाखवला असेलच. त्यातलं कलम २६ नेमकं तुमच्यासारख्यांसाठी होतं. तार खात्याच्या नोकरानं संदेशातला मजकूर बेकायदा उघड केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आता त्या कायद्याच्या जागी २०२३चा दूरसंचार कायदा आला आहे. सत्तरीतल्या बाईंना आठवणींसाठी कोणी आत टाकणार नाही हे मलाही कळतं. पण तो नियम लोकांच्या भरवशासाठी होता आणि भरवसा रिटायर होत नाही. तुमच्या मैत्रिणीशी सहमत.

बगाराम:
काकू, तुरुंगात वही-पेन देतात. बाळ गंगाधरांनी तिथेच ग्रंथ लिहिला.

हॅलोबाई:
बगाराम, काकू चालेल, पण सोलापुरात आम्ही मावशी म्हणतो. तंबोरा, कायदा दाखवला होता की ओ. कलमाचा नंबर तेवढा तुमच्याकडून कळला.

वऱ्हाडी_ठेचा:
पण मले एक सांगा, तो लाइटनिंग कॉल काय असे? आमचे आजोबा सांगत का अमरावतीहून मुंबईला लाइटनिंग लावला तं अर्धा पगार गेला.

हॅलोबाई:
ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला ऑर्डिनरीच्या दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. ऑर्डिनरी बुक केला तर सकाळी सांगितलेला कॉल संध्याकाळी लागायचा, कधी लागायचाही नाही. लाइटनिंग आला की बाकीची तिकिटं खाली ठेवून तो आधी. तिकीट म्हणजे कॉलची चिठ्ठी. त्यावर कुठून, कुठे, कोणाला, किती वाजता लागला, किती वाजता सुटला, सगळं पेन्सिलीनं. त्या पेन्सिलीनं मधल्या बोटाला घट्टा पडायचा. माझा अजून आहे.

लाइटनिंग मागणारे दोनच प्रकारचे. एक कापडाचे व्यापारी आणि दुसरे ज्यांच्या घरात कोणी गेलं आहे ते. व्यापारी दर विचारून मागायचे, दुसरे विचारायचेच नाहीत.

सातासमुद्रापल्याड:
हे शेवटचं वाक्य वाचून थांबले. मावशी, तुम्ही लिहाच.

मी ऐंशीच्या दशकात लग्न होऊन अमेरिकेत आले. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या डॉक्टरांकडे होता. महिन्यातून एकदा रविवारी ठरलेल्या वेळी आई-बाबा तिथे जाऊन बसायचे. महिनाभर काय बोलायचं ते मी ठरवायची आणि फोन लागल्यावर 'बरे आहात ना', 'हो, तू बरी ना', 'जेवलीस का', संपलं. पलीकडे डॉक्टर, त्यांची बायको, त्यांचा कंपाउंडर असे सगळे बसलेले. मला रडायला यायचं ते पैशाच्या काळजीनं आवरायची. मध्ये एखादी ऑपरेटर ऐकते आहे असं तेव्हा मनातही आलं नाही. आज वाटतं, कोणी ऐकलं असेल तर बरंच झालं.

बगाराम:
आमच्या एका काकांची पीपी कॉलची युक्ती. पीपी म्हणजे ठरावीक माणसालाच बोलवायचं; तो नसला तर पूर्ण कॉलचे पैसे नाहीत, थोडासा आकार फक्त. सुनेला दवाखान्यात नेलं की काका पुण्याहून पीपी लावायचे. 'श्री. पेढेवाले आहेत का?' पलीकडून, 'नाहीत.' फोन बंद, निरोप पोचला. मुलगा! मुलगी झाली तर 'श्री. बर्फीवाले'. जुळी झाली तेव्हा म्हणे काकांनी 'मेसर्स पेढेवाले आणि कंपनी' मागितले.

सुईदोरा:
आणि बर्फीवाले मागताना काकांचा आवाज पडायचा, हो ना? आमच्या लेबर रूमबाहेर हेच बघितलं आहे जन्मभर.

बगाराम:
खरं सांगायचं तर हो. काकूच सांगायची.

हॅलोबाई:
आम्हाला काय कळत नव्हतं? 'सुखरूप पोचले' आडनावाचे किती गृहस्थ शोधून दिले आम्ही! मुकाट्यानं 'पार्टी नाही' लिहायचं.

खतावणी:
मी पोस्टातला. मनिऑर्डर फॉर्मच्या खाली निरोपासाठी एक चिंचोळी पट्टी असायची. मुंबईहून कोकणात पैसे पाठवणाऱ्या कितीतरी जणांना लिहिता येत नसे. ते सांगायचे, मी लिहायचो. पलीकडे वाचणारा पोस्टमनच. म्हणजे नवरा-बायकोच्या मध्ये आम्ही दोघं परके. त्या पट्टीवर मावेल एवढाच संसार. एक गडी दर महिन्याला 'म्हशीला जप' एवढंच लिहायला सांगायचा. मी एकदा म्हटलं, अरे बायकोचं काहीतरी लिही. तो म्हणाला, तिला कळतं.

हे मी चारचौघांत कितीदा सांगितलं आहे. मला नाही वाटत मी त्याचा भरवसा मोडला.

तंबोरा:
खतावणी, तुमच्यात फरक आहे. तुम्हाला त्यानं स्वतः सांगितलं. मावशींना कोणी सांगितलेलं नाही, त्यांच्या कानावर पडलं आहे.

हॅलोबाई:
तंबोरा, इथेच तर गोची आहे. काही वेळा आम्हालाही सांगितलेलंच असायचं. खाली वहीतलं एक पान देते आहे, मग सांगा.

"अक्कलकोटकडची लाईन पावसात नेहमी बसायची. म्हणजे लागायची, पण दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही. मधल्या मला दोघांचं यायचं. मग ऑपरेटरनं निरोप्या व्हायचं. एक जण तिकडून बोलणार, मी इकडे सांगणार.

एक बाई होती. नवरा भिवंडीला मागावर. आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातले बरेच विणकर तिकडे जायचे. कॉल त्यानं लावलेला, बाई दुकानात येऊन उभी. तो म्हणाला, विचारा, पैसे मिळाले का. मी विचारलं. मिळाले. विचारा, पोराचा ताप. उतरला. मग तिनं मला विचारलं, 'बाई, तुम्ही सगळं जसंच्या तसं सांगताय नव्हं?' मी म्हटलं, हो. ती जरा थांबली. मागे दुकानात तराजूचा आवाज येत होता. म्हणाली, 'त्यांना सांगा... न्हाई, काय न्हाई. असू द्या.'

मी सांगितलं, 'त्या म्हणतात, काही नाही.'

तो म्हणाला, 'काही नाही कसं म्हणाली? हसून की रागानं?'

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. घड्याळात तिसरं मिनिट भरत आलेलं. मी म्हटलं, 'हळू म्हणाल्या.' तो म्हणाला, 'मग वाढवा अजून तीन मिनिटं.'

वाढवले. दोघंही काही बोलले नाहीत. मीच दोन्हीकडे हॅलो हॅलो करत राहिले. शेवटी आयुष्य म्हणजेही एक ट्रंक कॉलच नव्हे काय? लाईन लागते तेव्हा शब्द सुचत नाहीत, आणि शब्द सुचतात तेव्हा वेळ संपलेली असते!"

सातासमुद्रापल्याड:
बाई गं. सकाळी सकाळी ऑफिसात रडवलंत.

वऱ्हाडी_ठेचा:
एकच नंबर! 'हळू म्हणाल्या' लय आवडलं.

निरक्षीर:
पान उत्तम आहे म्हणूनच स्पष्ट लिहितो. शेवटची दोन वाक्यं काढून टाका. 'आयुष्य म्हणजेही एक ट्रंक कॉलच' हे दिवाळी अंकांतल्या वाचकांच्या पानावर रोज कोणीतरी लिहितं. तिथे आयुष्य कधी रेल्वे असतं, कधी पतंग. तराजूचा आवाज मात्र दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. 'हॅलो हॅलो करत राहिले' इथे थांबा.

आणि एक विचारतो. दोघं गप्प असताना तुम्ही मध्ये तीन मिनिटं होतात. तुम्ही काय करत होतात? तुमच्या पानात तुम्हीच नाही.

बगाराम:
निरक्षीर आले, आता मावशींच्या वहीला ताप चढणार.

हॅलोबाई:
नाही हो, बरोबर बोलले ते. ती वाक्यं मला फार आवडली होती, म्हणून काढताना जीव जातो आहे. पण काढली. सुनेचंही तेच मत होतं म्हणे, ती सासूला कशी सांगणार!

पेनमित्र:
तंबोरांना एक विचारायचं आहे. या प्रसंगात त्या बाईनं 'तुम्ही सगळं सांगताय ना' असं ऑपरेटरलाच विचारलं. मग ही गोष्ट त्या दोघांचीच कशी? 'हळू म्हणाल्या' हे तर मावशींचं स्वतःचं वाक्य आहे, दोघांपैकी कोणाचंच नाही.

तंबोरा:
मान्य, तेवढं वाक्य त्यांचं. पण ते बोलता आलं खात्यानं लाईनच्या मध्ये बसवलं म्हणून. वकीलही अशिलाच्या वतीनं बोलतो, म्हणून अशिलाची गोष्ट वकिलाची होत नाही. गाव आणि धंदा दोन्ही बदलले तर मी तक्रार मागे घेतो.

पेनमित्र:
धंदा बदलला तर भिवंडी जाते, माग जातो, पूर्व भाग जातो. मग उरतं काय? कुठल्यातरी गावचा कोणीतरी नवरा.

सुईदोरा:
माझंही मत थोडं हललं आहे. ती बाई आज हे वाचेल तर तिला अवघडल्यासारखं होईल? मला वाटतं ती म्हणेल, बघा, मी तेव्हा काय म्हणणार होते ते कोणालाच कळलं नाही.

खतावणी:
किती काळानं लिहावं हाही मुद्दा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४चा. त्यांचे पती रेव्हरंड टिळक गेले १९१९ला. मध्ये पंधरा वर्षं गेली आणि बाई तोवर पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. रमाबाई रानड्यांचं पुस्तक १९१०चं, रानडे १९०१ला गेले. दोघींनीही आपल्याच माणसांबद्दल लिहिलं, पण मध्ये वेळ जाऊ दिला. मावशींचा ट्रंक बोर्ड बंद होऊन किती वर्षं झाली असतील?

वऱ्हाडी_ठेचा:
अवांतर: एसटीडी बूथ आले तेव्हा तुमचं काय झालं मावशी? आमच्या गावात पिवळा बोर्ड लागला अन् रात्री अकरानंतर पाव दरात बोलायले हीऽऽ लाईन. निम्म्या पोरांची लग्नं त्या काचेच्या खोलीत जमली.

हॅलोबाई:
आमच्यासमोरची तिकिटं कमी कमी होत गेली. आधी मोठी शहरं डायलवर गेली, मग तालुके. आमच्याकडे उरली आडवळणाची गावं. नंतर आम्हाला १९७वर बसवलं, नंबर सांगायला. तिथे कोणी 'हळू म्हणाली का' विचारत नाही. सोयीचंच झालं सगळं, मला उगाच उसासे टाकायचे नाहीत. माझी स्वतःची लेक पुण्यात शिकायला होती तेव्हा मीच बूथवर रात्री अकराला उभी असायची.

निरक्षीर, तुमचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. काल रात्री हे लिहिलं.

"३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनं उशिरापर्यंत चाललेली. पहाटे चारच्या सुमारास भूकंपानं भांडी वाजली, आम्ही पोरांना घेऊन रस्त्यावर. सातला माझी ड्यूटी होती. गेले तर बोर्डावरचे सगळे दिवे एकदम पेटलेले. इतके दिवे एका वेळी मी कधी बघितले नव्हते. किल्लारी, सास्तूर ही नावं तोवर आम्हाला नीट माहीतही नव्हती. जो तो औसा मागतोय, उमरगा मागतोय. लाईनी मोजक्या, त्यातल्या काही मेलेल्या. लोक विचारत होते, 'गाव आहे का?' फोन लागतो का असं कोणी विचारत नव्हतं.

माझी धाकटी बहीण उमरग्याला दिलेली. मी माझ्या नावाचं ऑर्डिनरी तिकीट लिहिलं आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं. तसाच नियम. दोन तास हात चालू, कान चालू, पोटात गोळा. नळीतून दुसऱ्यांचं रडणं ऐकायचं आणि 'थ्री मिनिट्स' म्हणायचं. पण त्या दिवशी मी कोणालाच 'थ्री मिनिट्स' म्हटलं नाही.

नऊच्या पुढे कधीतरी आमच्या सुपरवायझरबाई माझ्या मागून गेल्या. जाताना गठ्ठ्यातून माझं तिकीट काढलं आणि वर ठेवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. मी बघितलं. मीही बोलले नाही. त्या तिकिटाखाली कोणाकोणाची तिकिटं होती ते मला माहीत होतं, त्यांचे आवाज सकाळपासून कानात होते.

शेजारच्या दुकानात कॉल लागला. बहीण धावत आली. म्हणाली, 'आम्ही सगळे अंगणात आहोत गं. तू बोर्डावर आहेस ना? मग कशाला फोन अडवतेस, ठेव.'"

सातासमुद्रापल्याड:
मावशी...

निरक्षीर:
याला हात लावू नका. 'नळीतून' तेवढं बघा, हेडसेट होता ना?

हॅलोबाई:
होता. छातीवर बांधायचं शिंगासारखं तोंड आणि कानाला रिसीव्हर, तो जुन्या बोर्डावर. ९३ला हलका हेडसेट आला होता. 'कानातून' करते.

बगाराम:
आज विनोद नाही. माझा मामा लातूरचा. त्या दिवशी आम्ही मुंबईत फोनजवळ बसून होतो, लागलाच नाही. तिसऱ्या दिवशी तार आली.

खतावणी:
त्या आठवड्यात आमच्याकडे तारांचा डोंगर होता. तारही २०१३च्या जुलैत बंद झाली. शेवटच्या दिवशी लोक गंमत म्हणून स्वतःलाच तारा करत होते.

पेनमित्र:
एक विचारू? त्या सुपरवायझरबाईंना हे दाखवलंत का? नियम मोडल्याचं तुम्ही त्यांच्या नावावर लिहिता आहात.

हॅलोबाई:
नाव नाही लिहिलेलं आणि लिहिणारही नाही. पण दाखवलं. बाई ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे असतात, फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मला काही आठवत नाही, त्या दिवशी मी सगळ्यांचीच तिकिटं वरखाली करत होते, ज्यांचे आवाज कापत होते त्यांची वर. माझं वर ठेवलं ते बहीण म्हणून की आवाज म्हणून, आता विचारून उपयोग नाही.

तंबोरा:
हे तिकिटाखाली जोडा. मी माझ्या मतावर कायम आहे, पण हे जोडा.

सुईदोरा:
मग मूळ प्रश्नाचं काय ठरवलंत?

हॅलोबाई:
असं ठरवलं आहे. की टाकून मधूनच कानावर पडलेलं लिहायचं नाही, कितीही चटकदार असलं तरी. माझ्या तोंडून गेलेलं लिहायचं, गावाचं नाव बदलून. पेनमित्र, माग आणि भिवंडी ठेवते. अक्कलकोट इथे एकदा लिहून बसले ते असू दे, पुस्तकात दुसरं गाव येईल. बोर्डाचं, तिकिटांचं, संपाचं, डबा खायच्या खोलीतल्या भांडणांचं भरपूर लिहायचं, ते आमचंच आहे. आणि एक कॉल आहे, तो माझ्या तोंडून गेलेला असूनही लिहिणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
डब्याच्या खोलीचं आधी येऊ द्या. शेंगा चटणी अन् कडक भाकरी असेलच त्यात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

बगाराम:
मावशी, तो एक कॉल कोणता? व्यक्तिगत निरोप करा. आईशप्पथ कोणाला सांगणार नाही.

हॅलोबाई:
कलम २६.